आंबट कॉफीची बाजू

हेलसिंकी,
१४ नोव्हेंबर

ती. बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. आजीला वाकून नमस्कार. लहान्याला अनेक आशीर्वाद (हसेल तो, हसू दे).

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "इतके पैसे टाकून आंबट कॉफी काहून पिते गं तू?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर आईनं मध्येच थर्मलचं काढलं आणि ते राहूनच गेलं. म्हणून आज लिहायला बसले. दुसरं कारण म्हणजे आमच्या ऑफिसातला एक मुलगा, आपल्या नागपूरच्या प्रतापनगरचाच, डिसेंबरात घरी येतो आहे. त्याच्याजवळ कॉफीचे तीन पुडे पाठवते आहे. पुडे फोडायच्या आधी पत्र वाचा, नाहीतर आई तिन्ही पुडे दुधात उकळून मोकळी होईल.

आपल्या घरी कॉफी म्हणजे पाहुणे आले की, नाहीतर कोणी आजारी पडलं की. आयुष्यभर धरमपेठेतल्या कॉफी हाऊस चौकातून जा-ये केली आणि वळलो चहाच्या टपरीकडेच. इथं उलट आहे. फिनलंडला माणशी वर्षाला दहा किलोच्या आसपास कॉफी लागते. आपल्याकडचा आकडा ग्रॅममध्ये मोजावा लागतो. कॉफीची सुट्टी कामगार करारांतच लिहिलेली असते, साहेबाच्या मर्जीवर नाही. आणि इतकं पिऊनही यांना लागते ती फिकी भाजलेली. किराणा दुकानातल्या पुड्यांवर भाजणीचा आकडा छापलेला असतो, १ म्हणजे सगळ्यात फिकी. घराघरात दिसणारी पाउलिग कंपनीची 'युहला मोक्का' १९२९ पासून विकली जाते; तिच्यावर १ च आहे.

याला एक कारण पाण्याचंही सांगतात. हेलसिंकीला पाणी येतं ते पाइयान्ने तळ्यातून, खडक कोरून काढलेल्या १२० किलोमीटर लांब बोगद्यातून. अगदी मृदू पाणी, किटलीत पांढरा थर म्हणून धरत नाही. अशा पाण्यात कॉफीचा आंबटपणा स्वच्छ उतरतो. जड पाण्यातले क्षार त्याला मारून टाकतात. म्हणून मी पाठवलेली कॉफी बोअरच्या पाण्यात करू नका. नळाला पेंच धरणाचं येतं तेच घ्या.

आता मुख्य मुद्दा. कॉफीचं बी म्हणजे एका लाल फळातलं बी. त्यात सायट्रिक आम्ल असतं, संत्र्यात असतं तेच, आणि सफरचंदातलं मॅलिक आम्लही. भाजताना हिरवं बी आधी पिवळं पडतं, मग तांबूस होतं, आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तडतड फुटतं. त्याला कॉफी भाजणारे लोक 'फर्स्ट क्रॅक' म्हणतात. तिथून थोड्याच वेळात उतरवलं की फिकी भाजणी: बी कोरडं, तपकिरी, फळाचा आंबटपणा शाबूत. तसंच तापवत नेलं की आम्लं मोडत जातात, आतली साखर करपायला लागते, आणि सव्वादोनशेच्या आगेमागे पुन्हा एकदा बारीक तडतड होते. त्याच्यापुढं बियांवर तेल सुटतं आणि चव कडू होत जाते. थोडक्यात, फिक्या भाजणीत आपण बी पितो आणि गडद भाजणीत जाळ पितो. कोणत्या डोंगरावरचं, कोणत्या जातीचं हे काळ्या भाजणीत बरंचसं पुसलं जातं. म्हणूनच कसंबसं बी गडद भाजून खपवणं सोपं पडत असावं, असं माझं आपलं मत.

बाबा, काटोलच्या बागेत तुम्हीच शिकवलंय, अंबिया बहाराचं संत्रं जरा आंबट आणि मृग बहाराचं गोड. पण ज्याला आंबटपणाच नाही असं संत्रं तुम्ही एक फोड खाऊन बाजूला ठेवता आणि "पाणचट आहे" म्हणता. माझ्या कॉफीतला आंबटपणा तो, संत्र्याला संत्रं करणारा. दूध फाटल्यावर येतो तो नव्हे. कच्चट कॉफीची बाजू मी घेत नाही. बी आतून भाजलंच गेलं नाही किंवा पाणी पुरेसं तापलं नाही, तर जीभ नुसती आकसते आणि मागं काहीच उरत नाही. आमच्या ऑफिसात मशीनखालच्या गरम तव्यावर तासभर उभी असलेली कॉफीसुद्धा मला नकोच असते. इथले लोक ती निमूटपणे पितात. कॉफीच्या देशातलं हे कॉफीप्रेम मला अजून उमगलं नाही.

आणखी एक. पुड्यांवर चवी लिहिलेल्या असतात, जाई, लिंबू, ब्लूबेरी. आधी मला वाटायचं हे सगळं विकायचं नाटक. अर्धं आहेच. पण इथिओपियाची धुतलेली कॉफी, म्हणजे गर काढून बी पाण्यात साफ करून वाळवलेली, खरंच लिंबाच्या सालीसारखी आणि फुलांसारखी वासाला येते. आणि फळासकट उन्हात वाळवलेली कॉफी नाकाशी धरली तर पातूरकडच्या रस्त्याला उन्हाळ्यात मोहाची फुलं वाळत घातलेली असतात ना, तो थोडासा आंबूस, चढणारा वास. केनियाच्या कॉफीला इथले लोक काळ्या मनुक्यासारख्या त्यांच्या एका बेरीची उपमा देतात, कारण ती त्यांच्या परसात लागते. मला तिथं करवंद सापडलं. जीभ ज्याच्यावर वाढली तेच ती शोधते. तेव्हा पुड्यावर काय लिहिलंय ते वाचू नका, तुम्हाला काय लागलं ते मला कळवा.

पुड्यांचं सांगते. फिक्या भाजणीचा पुडा, पिवळी चिठ्ठी लावलेला, आईचा आहे. बाबा, तुम्ही नाही, आई. घरात मीठ लावून कैरी कोण खातं, वरणात आमसूल दोन जास्त कोण टाकतं? तिलाच ही कॉफी आवडेल, मी पैज लावते. फक्त आई, हिच्यात दूध घालू नकोस. फिक्या भाजणीला दूध सोसत नाही, दोघांचीही चव बिघडते. साखर अर्धा चमचा घातलीस तर मी काही म्हणणार नाही.

बाबांचा पुडा वेगळा, आणि त्याची गंमत आहे. ती कॉफी आपलीच आहे, 'मॉन्सून्ड मलबार'. शिडाच्या जहाजांच्या काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून कॉफी युरोपात जायला कित्येक महिने लागायचे. लाकडी तळघरात समुद्राच्या दमट हवेनं बी फुगायचं, पिवळट व्हायचं, आंबटपणा निघून जायचा. पुढं वाफेची जहाजं आली, सुएझचा कालवा झाला, माल लवकर आणि ताजा पोचायला लागला, तर युरोपातली गिऱ्हाईकं कुरकुरली, आमची ती जुनी चव कुठं गेली! तेव्हापासून किनाऱ्यावरच्या गोदामांत जून ते सप्टेंबर बी पसरून ठेवतात, पावसाळी वारा खेळता ठेवतात, वरचेवर फावड्यानं हलवतात, आणि जहाजात आपसूक व्हायचं ते मुद्दाम करतात. बाबा, तुम्ही कारल्यात गूळ घालू देत नाही. ही कॉफी तुमचीच. आंबटपणा जवळजवळ नाही, जाड, मातकट, मसाल्याच्या डब्याकडं झुकणारी. मंगळूरकडून हेलसिंकी आणि हेलसिंकीहून नागपूर, तिच्याइतका प्रवास आपल्या घरात कोणाचाच झालेला नाही.

पण बाबा, तुम्ही ज्याला 'खरी कॉफीची चव' म्हणता ना, त्या बाटलीवरचं लेबल जरा चष्मा लावून वाचा. चिकोरी किती टक्के ते छापावंच लागतं. आपल्याकडच्या नियमात ४९ टक्क्यांपर्यंत चालते. चिकोरी म्हणजे एक मूळ, आपल्याकडे मुख्यतः गुजरातेत पिकतं. भाजून पूड करतात. त्यात कॅफिन नसतं. तो काकवीसारखा जाड, कडू-गोड घोट चिकोरीचा असतो. मी तिला नावं ठेवत नाही. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत ती हवीच, तिच्यामुळं डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या अर्काला, अंग येतं. फक्त तुम्ही माझ्या कॉफीला "ही कुठं कॉफी" म्हणालात, त्याला हे उत्तर.

लहान्याचं लवकर आटोपते. व्यायामाआधी 'स्ट्राँग' म्हणून काळीकुट्ट भाजलेली कॉफी पिऊन काही होत नाही. भाजणीनं कॅफिन फारसं बदलत नाही, जात बदलली की बदलतं. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं. आणि आपल्या देशात पिकते त्यातली जास्त रोबस्टाच. तेव्हा त्याला इथून काही पाठवलेलं नाही. नागपुरात मिळेल.

तिसरा पुडा ब्राझीलच्या कॉफीचा, मध्यमपेक्षा जरा पुढं भाजलेला, शेंगदाण्याच्या आणि कोकोच्या अंगाचा. हा आजीसाठी, आणि रात्रीसाठी. याच्यात दूध घाला, साखर घाला, जायफळ उगाळून घाला. आमच्याइथं रविवारी वेलची घातलेला 'पुल्ला' नावाचा गोड पाव कॉफीबरोबर खातात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला कोजागिरीचं पातेलं आठवलं, आणि दुसऱ्या दिवशी मी जायफळ शोधत बाजारभर फिरले. झोप उडवणारी कॉफी आणि झोप आणणारं जायफळ एकाच कपात घालून वर रात्री दहाला प्यायचं, हे आपल्याच लोकांना सुचू शकतं. मी इथल्या मैत्रिणींना पाजली, त्यांनी दोन-दोन कप घेतली.

करायची कशी ते सांगते, मशीन लागत नाही. इथं उत्तरेला लॅपलँडकडं 'पान्नुकाहवी' करतात, म्हणजे भांड्यातली उकळीची कॉफी. बी मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवा, जाड रव्याएवढं ठेवा. त्याच्या आधी मूठभर तांदूळ फिरवून भांडं पुसून घ्या, नाहीतर गोडा मसाल्याची कॉफी होईल. एक लिटर पाण्याला साठ ग्रॅम. पाणी उकळलं की कॉफी टाका, पुन्हा उकळी येऊन वर चढायला लागली की लगेच खाली उतरवा, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं सोडून द्या. चोथा खाली बसतो. हलवायचं नाही, वरून हळूच ओतायचं. आई, चहासारखी खळखळ उकळत ठेवलीस की कडवटपणा उतरलाच समज. उरलेली बी घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये मुळीच नाही. तिथं ओल धरते आणि कांद्याचा वास घेते.

तुम्ही विचाराल, तुझं स्वतःचं काय? सकाळी बिनदुधाची, बिनसाखरेची. आठवड्याच्या दिवसांत मधली भाजणी, फर्स्ट क्रॅकच्या जरा पुढची, खरपूस पण काळी नाही. फिकी मला सुट्टीच्या दिवशी लागते, निवांत, कोमट होईपर्यंत घोट घोट घ्यायला. निवत जाते तशी ती जास्त गोड लागत जाते. इथं आता पावणेचारच्या सुमारासच दिवस मावळतो, तेव्हा तेवढा एक कप बरा वाटतो. काळी भाजणी मात्र मला दुधाशिवाय उतरत नाही, आणि ते उतरवून घ्यायची मला गरजही वाटत नाही. बाबा, तुमची आवड तुमच्याजवळ.

आता माझं काम. तुम्ही जानेवारीत अमरावतीच्या लग्नाला जाणार आहात, तिथून आत्याला घेऊन चिखलदऱ्याला एक चक्कर मारा. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मुख्यतः तिथंच, अकराशे मीटरच्या आसपास, आणि आपण विदर्भातले असून आपल्या घरात कोणी चाखलेली नाही. इथं मी लोकांना इथिओपिया, केनिया, ब्राझील सगळं सांगत बसते आणि मेळघाटाचं नाव आलं की माझ्याजवळ बोलायला काही नसतं. मिळाली तर अर्धा किलो आणा. पूड नको, आख्खं भाजलेलं बी पाहिजे, आणि दुकानदाराला विचारा कधी भाजलंय. काळं, तेलकट दिसलं तर घेऊ नका. ज्याच्याजवळ पुडे पाठवते आहे तो मुलगा २० जानेवारीला परत निघतो, त्याचा नंबर लहान्याला पाठवलाय. त्याच्या बॅगेत तुमचा चिवडा जाणारच आहे, त्याच्या आधी कॉफीला जागा ठेवा, आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत.

तुमची,
मनू