जड भोवरा जास्त फिरतो? अर्धंच खरं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी मुलांच्या पानावर सीडी आणि गोटीचा भोवरा करायची कृती दिलीत, लेकीने ती कापून वहीत चिकटवली, त्याबद्दल आधी थँक्स. पण त्याच्या खाली एक वाक्य टाकलंय, की भोवरा जितका जड तितका जास्त वेळ फिरतो. ते अर्धंच खरं आहे आणि पोरं छापलेलं सगळं खरं धरून चालतात, म्हणून हे पत्र.

मी लेथवर काम करतो, गोल फिरणाऱ्या वस्तूंशीच रोजचा संबंध. तर आम्ही बापलेकीने चार संध्याकाळी बसून मोबाईलच्या स्टॉपवॉचवर टाइम घेतला. सीडीचं भोक १५ एमएमचं असतं आणि साधी गोटी १६ च्या आसपास, म्हणून ती आरपार जात नाही, मस्त अडकून बसते. वरून फिरवायला बाटलीचं झाकण फेव्हिक्विकने चिकटवलं (सीडी आरत्यांची निघाली, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही). नुसती सीडी ५५ सेकंद फिरली. मग कडेने दहा एमएमचे आठ वॉशर डबल टेपने लावले, वजन जवळजवळ तिप्पट झालं, आता हा तीन मिनिटं तरी थांबत नाही असं मीच छातीठोकपणे सांगून बसलो आणि भोवरा बसला १ मिनिट ५ सेकंदात. तेच वॉशर मधे झाकणाजवळ लावले तरी उन्नीस-बीसच.

लेक म्हणाली, बाबा हात जवळ धरून बघा, वारा येतोय. खरंच येत होता. वॉशर म्हणजे आठ छोटी वल्हीच, सगळी हवा ढवळत बसलेली. स्पीड दुप्पट झाला की अशा उंचवट्यांवरचा हवेचा अडथळा साधारण चौपट होतो आणि सगळ्यात जास्त स्पीड तर कडेलाच असतो, म्हणजे वजन कडेला नेलं की भोवरा जास्त वेळ फिरायला हवा, पण त्यात जे कमावलं त्यातलं बरंचसं हवेनेच खाल्लं. मग वॉशर परत कडेला लावून त्यांच्यावर दुसरी सीडी झाकणासारखी बसवली आणि कडेने सेलोटेप गुंडाळून फट बंद केली. तेवढेच वॉशर, तीच जागा, फक्त हवेला आता अडायला काही नाही, आणि भोवरा १ मिनिट ५० सेकंद! उलट टेस्ट पण केली, साध्या सीडीवर पोस्टकार्डाचे चार पंख उभे चिकटवले तर पंधरा सेकंदात आडवा. वजन तर वाढलंच होतं की थोडं.

अजून एक, एक वॉशर दोन एमएम जरी सरकला तरी भोवरा थरथरतो आणि सगळा टाइम गंडतो, त्यामुळे आधी कंपासने वर्तुळ आखून घ्या, हे कृतीत टाकायला हवं होतं. आणि शहाबादी फरशीवर तो चालत चालत कपाटाखाली जातो, आरशावर ठेवा.

आमच्या लहानपणी सुताराकडून बाभळीचा भोवरा करून घ्यायचो, गुच्चे खाऊन खाऊन त्याचे टवके उडायचे. असा टवके उडालेला भोवरा आधीसारखा फिरत नाही हे आम्हाला माहीत होतं, आम्ही दोष आरीला (खालच्या खिळ्याला) द्यायचो, जाळी (दोरी) नीट गुंडाळली नाही म्हणून एकमेकांवर ओरडायचो. टवक्यांमुळे तोल जात असणार आणि थोडी हवा पण अडत असणार, हे आत्ता चाळीशीत डोक्यात आलं.

शेजारचे काका म्हणतात एवढा मोठा माणूस पोरखेळ काय करतो. नील्स बोर आणि वोल्फगांग पाऊली, दोघंही नोबेलवाले, १९५१ साली स्वीडनमधल्या लुंडला खाली वाकून उलटा होणारा भोवरा बघतायत असा फोटो आहे, तो मी काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलाय. अजून रिप्लाय नाही.

तर पुढच्या रविवारी ते वाक्य जरा दुरुस्त करा, वजन कडेला आणि अंग गुळगुळीत एवढं लिहिलं तरी पुरे. आणि दोन सीडींच्या मधल्या टेपला भोकं पाडली तर भोवरा गुणगुणेल असं लेकीचं म्हणणं आहे, आमच्याकडून दोनदा फसलंय, कुणा वाचकाला जमलं असेल तर भोकं केवढी पाडली ते छापा.

आपला,
एक लेथवाला वाचक