चालायला वाट कुठे आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील चालण्याच्या सवयीवरील लेख वाचला. चालण्याचे फायदे लेखकाने नेमके मांडले आहेत, त्याबद्दल दुमत नाही. परंतु लोक चालत नाहीत याचे सारे खापर त्यांच्या आळसावर फोडून ते मोकळे झाले, हे मला अजिबात पटलेले नाही.

आमच्या वसाहतीला मागच्या बाजूने एक लहान फाटक होते आणि तिथून वाचनालय हाकेच्या अंतरावर होते. सुरक्षेचे कारण सांगून ते फाटक बंद करण्यात आले. आता त्याच वाचनालयात जायचे तर सगळ्या कुंपणाला वळसा घालून हमरस्त्याने जावे लागते. तिथे पदपथ आहे, पण प्रत्येक इमारतीच्या दारापाशी तो गाड्यांसाठी उतरता केलेला असून पुढे लगेच वीतभर वर चढतो, आणि मध्येच विजेची पेटी आडवी आली की वाहनांच्या गर्दीत उतरण्यावाचून गत्यंतर नसते. माझे वडील गुडघे दुखत असतानाही रोज वाचनालयात पायी जात. फाटकाला कुलूप लागले आणि त्यांचे जाणे थांबले. यात त्यांचा आळस कुठे आला?

दहा देशांतील १४ शहरांचा एक अभ्यास २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. घरांची घनता, चौकांची संख्या, सार्वजनिक वाहतुकीचे थांबे आणि उद्याने यांचा त्यात विचार झाला. सर्वांत अनुकूल आणि सर्वांत प्रतिकूल वस्त्यांमधील प्रौढांच्या शारीरिक हालचालीत आठवड्याला ६८ ते ८९ मिनिटांचा फरक आढळला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करायला सांगते, म्हणजे जवळपास निम्मा हिशेब वस्तीच्या रचनेपाशीच अडतो. चालण्याची आवड असणारेच अशा वस्त्या निवडतात, असा आक्षेप घेतला जातो आणि तो काही अंशी खराही असेल. पण माझ्या वडिलांनी ना घर बदलले, ना आवड.

जाता जाता सिग्नलबद्दलही लिहितो. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे गृहीत धरून अनेक ठिकाणी पादचाऱ्यांची वेळ ठरवली जाते. अनेक वृद्धांना हा वेग झेपत नाही आणि ते रस्त्याच्या मध्यावर असतानाच गाड्या सुटतात. आरोग्याच्या पानावर व्यायामाचा सल्ला जरूर छापावा, पण बंद फाटके, तुटक पदपथ आणि अपुरे सिग्नल यांबद्दल संबंधितांना जाबही आपल्या वृत्तपत्राने विचारावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक