गॅदरिंगमधलं झिंगालाला बंद करा, शाळेत एक रजिस्टर ठेवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर-जानेवारी आला की तुमच्या पेपरात तालुक्याच्या पानावर कोणत्या ना कोणत्या शाळेच्या गॅदरिंगचा फोटो असतोच, आणि त्यात हमखास एक ‘आदिवासी नृत्य’ असतं. पोट्ट्यांच्या तोंडाला काजळी फासलेली, कमरेला पानं, डोक्यात कोंबडीची पिसं, हातात भाला, मागे डीजेवर झिंगालाला हुर्र हुर्र, आणि फोटोखाली ओळ, ‘आदिवासी नृत्याने उपस्थितांची मने जिंकली’. आता आमचा तालुका केळापूर, बाजूला झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, म्हणजे उपस्थितांमध्ये गोंड आणि कोलाम मायबाप किती बसलेले असतात ते वेगळं सांगायला नको. त्यांच्यातलं कोणी असं नेसत नाही, असं नाचत नाही. त्यांचा ढेमसा आहे, दिवाळीतली दंडार आहे, ते शिकवायला पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) म्हातारी माणसं अजून आहेत, पण यूट्यूबवरून बसवणं सोपं ना.

मागच्या गॅदरिंगच्या वेळची गोष्ट सांगतो, शाळेचं नाव लिहीत नाही कारण कमीजास्त सगळीकडं हेच आहे. सहावीतली एक कोलाम पोरगी, नाचात नाव दिलेलं, रंगरंगोटी चालू होती तर मॅडम हसत म्हणाल्या, तुला काजळी लावायची गरजच नाही गं. सगळे हसले, पोरीही हसल्या, तीही हसली म्हणे. मग ती बरेच दिवस शाळेत आलीच नाही. बाप माझ्याकडं आला, अर्ज लिहून द्या म्हणून. मी सोबत गेलो तर हेडमास्तर म्हणाले, अहो गंमत होती, मॅडमच्या मनात तसं काही नव्हतं, पोरगी पाठवा उद्यापासून. बाहेर आलो तर गावातला एक पोरगा म्हणतो, काका अॅट्रॉसिटी टाका, सोडू नका. बापाला दोन्ही नको होतं. तो म्हणे, “मले काई भांडन कराचं नाई जी, पोरीले याच शाळेत शिकाचं हाय, फक्त असं पुन्ना कोनी बोलू नोको.”

मला जे म्हणायचं ते एवढंच आहे. एक तर ‘जाऊ द्या हो’ नाहीतर थेट १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आणि पोलीस स्टेशन, या दोन्हींच्या मधलं शाळेनं काही ठेवलेलंच नाही. कायदा पाहिजेच, तो लोकांनी मार खाऊन मिळवलाय, पण दहा वर्षांच्या पोट्ट्यानं दुसऱ्या पोट्ट्याला जातीवरून नाहीतर रंगावरून काही म्हटलं तर तिथं पोलीस काय करणार, तिथं मास्तरच पाहिजे.

माझ्या साळ्याची मुलगी नर्स आहे, इंग्लंडात असते. तिचा पोरगा तिकडं प्रायमरीत, त्याला वर्गातल्या एकानं म्हटलं की तुझा रंग मळासारखा आहे, धुऊन ये. शाळेनं त्याच दिवशी दोघांच्याही घरी फोन केला, कोण काय बोललं, कोणी ऐकलं, शाळेनं काय केलं असं सगळं लिहून ठेवलं आणि पुढं काही दिवसांनी पुन्हा विचारलं की आता कसं आहे. ज्यानं म्हटलं त्याला काढून टाकलं नाही, त्याच्याशी बसून बोलले. मला नवल वाटलं म्हणून मग मी थोडं वाचलं. तिथं २२ एप्रिल १९९३ ला लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स नावाच्या १८ वर्षांच्या काळ्या पोराला गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं बसस्टॉपवर मारून टाकलं, पोलिसांनी तपासात घोळ घातला, मायबाप वर्षानुवर्षं लढले, तेव्हा कुठं चौकशी बसली आणि १९९९ ला मॅकफर्सन अहवाल आला. त्यात पोलिसांवर तर ताशेरे होतेच, पण शाळांनाही सांगितलं की वंशभेदाची प्रत्येक घटना लिहून ठेवा, मायबापाला कळवा, वर्षाचा आकडा जाहीर करा. आणि घटना वंशभेदाची कधी धरायची, तर ज्याला लागलं त्याला किंवा दुसऱ्या कोणालाही ती तशी वाटली की धरायची, बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ते नंतर. आमच्या हेडमास्तरांची गाडी नेमकी तिथंच अडली होती. पुढं २००० साली वंशभेदाविरुद्धच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००२ पर्यंत प्रत्येक शाळेला आपलं लेखी धोरण करणं भाग पडलं. आता तिथं २०१० चा समानतेचा कायदा आहे, नोंदीचं बंधन सैल झालंय, तरी बऱ्याच शाळा लिहितात. तिथं सगळं गोड आहे असं नाही, आमच्या पोरीलाच वॉर्डात एखादा पेशंट म्हणतो मला गोरी नर्स पाठवा. पण लिहिलेलं असतं, त्यामुळे नंतर कोणी असं झालंच नाही म्हणू शकत नाही.

आपल्याकडं कागद कमी आहेत का? संविधानाचं भेदभावाला मनाई करणारं कलम १५ आहे, अस्पृश्यता बंद करणारं १७ आहे. २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. दुर्बल घटकातल्या मुलाशी भेदभाव होऊ नये हे बघायची जबाबदारी सरकारवर आणि झेडपीवर टाकलेली आहे. परिपाठात रोज उद्देशिका होते, ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ होतं. १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडांच्या फोटोला हार घालतात आणि जानेवारीत त्याच स्टेजवर झिंगालाला. नागपूर १७०२ ला वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहानं, चांद्याचा म्हणजे चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्यालाच फाशी दिली, हे त्या नाचणाऱ्या पोट्ट्यांना एकदा सांगितलं असतं तर पानं गुंडाळायची त्यांनाच लाज वाटली असती.

आणि हे फक्त गॅदरिंगपुरतं नाही. वर्गात कोणाचा पेन हरवू द्या, पहिली झडती पारध्याच्या पोराच्या दप्तराची. इंग्रजांनी १८७१ ला अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तो कायदा १९५२ ला गेला, दप्तराची झडती काही गेली नाही. स्कॉलरशिपचे फॉर्म आले की मास्तर भर वर्गात म्हणतात, चला एससी-एसटीवाले उभे राहा. बसलेले उभ्यांकडं बघतात, झालं काम. अहो यादी तुमच्याकडंच आहे ना, एकेकाला ऑफिसात बोलवा.

काही मास्तर म्हणतात शाळेत जात काढूच नका, लेकरांना कुठं कळते. दाखल-खारीज रजिस्टरात जात, टीसीवर जात, पोर्टलवर जात, आणि लेकरांना कळत नाही म्हणे! मास्तरांना ऑनलाइन माहितीचा ताप आधीच लय आहे हे मलाही दिसते, म्हणून मी पोर्टल मागत नाही बाप्पा, एक वही मागतो. तारीख, काय झालं, ज्याला लागलं त्याचं म्हणणं, शाळेनं काय केलं. चार रकाने. लेकरांची नावं बाहेर जाऊ नये म्हणून वही हेडमास्तरांच्या कपाटात राहू द्या, पण किती घटना झाल्या आणि काय केलं एवढं दर सभेत शाळा व्यवस्थापन समितीपुढं यावं, आणि मास्तर स्वतः काही बोलले असतील तर तेही त्यातच लिहावं.

चांगलं कोणी करतच नाही असंही नाही. आमच्याच भागातल्या एका झेडपी शाळेत एका मास्तरानं पोडावरच्या म्हाताऱ्याला बोलावून सगळ्या वर्गाला ढेमसा शिकवला, कुणबी, तेली, बौद्ध, कोलाम सगळे पोट्टे एका रांगेत, घरच्याच कपड्यात. त्याचा फोटो काही पेपरात आला नाही. पुढच्या वेळी असा आला तर तो छापा, आणि काजळीवाला आला तर परत पाठवा, तुम्ही छापणं बंद केलं तर निम्म्या शाळा आपोआप बंद करतील, कारण फोटोसाठीच तर चाललेलं असतं.

कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत आणि दुर्बल घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आमच्या समितीत एक कोलाम बाई आहे, तिच्याकडं सहीसाठी रजिस्टर घरी जातं, सभा दुपारी असते आणि दुपारी ती कापूस वेचायला. येत्या सभेला मी वहीचा विषय लेखी देतोय, सोबत अर्ज देतोय की सभा संध्याकाळी सहानंतर घ्या. ठराव झाला तर प्रत पाठवतो, नाही झाला तर कोणी काय कारण दिलं ते पाठवतो. जागा असेल तर छापा.

आपला,
एक पालक
ता. केळापूर, जि. यवतमाळ