अफ्रासियाबला माझं मत

प्रिय नित्या,

तुझे तिन्ही व्हॉइस मेसेज ऐकले. तिसऱ्यात कुकरच्या शिट्ट्या आणि वहिनींचं "अहो, पुरे आता" एवढंच नीट ऐकू येतं, पण मुद्दा पोचला. गोष्टींतल्या सगळ्यात बलाढ्य जादूगारांच्या तुझ्या यादीत मार्व्हल कॉमिक्समधला डॉक्टर स्ट्रेंज पहिला, तिथलीच वांडा दुसरी, बाकी सगळे पोरखेळ. फोनवर उत्तर दिलं तर तू दुसऱ्या वाक्याला मला तोडणार, म्हणून पत्र लिहितोय. आता मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

पहिली हरकत तुझ्या पद्धतीलाच. कुणी किती डोंगर फोडले, किती विश्वं उलटीपालटी केली, याची बेरीज करून तू नंबर लावतोस. ब्रॅडमनची सरासरी आणि आजच्या एखाद्या पोराचा स्ट्राइक रेट शेजारी मांडून 'कोण भारी' म्हणण्यासारखंच झालं हे. प्रत्येक जादूगार आपल्या जगाचे नियम घेऊन येतो. हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्सच्या जगात कितीही मोठा जादूगार असला तरी त्याला शून्यातून जेवण काढता येत नाही, तसा कायदाच आहे. अल्लादिनच्या दिव्यातला जिन मात्र मागितल्या क्षणी भरलेली ताटं हजर करतो. मग जिन हॉगवर्ट्सच्या हेडमास्तर डंबलडोरपेक्षा मोठा म्हणायचा का? आणि तोच जिन, अवाढव्य रुख पक्ष्याचं अंडं आणून घुमटाला टांग म्हटल्यावर, असा किंचाळतो की महाल हादरतो. ते काम त्याच्या हुकूमपत्रात बसत नाही.

म्हणून माझं माप वेगळं आहे. खरा बलाढ्य जादूगार गोष्टीत आला की गोष्टीचीच पंचाईत होते. तो मनात आणेल तर पहिल्याच प्रकरणात सगळं मिटवून टाकेल, मग पुढची पानं कशानं भरायची? तेव्हा लेखकाला त्याला कुठेतरी अडकवून ठेवावं लागतं. ही अडकवायची खटपट जितकी मोठी, तितका तो जादूगार मोठा. एवढंच. आता या मापानं तुझे-माझे सगळे मोजू.

डंबलडोर घे. पहिल्या पुस्तकात ऐन मोक्याच्या वेळी खोटं पत्र पाठवून त्याला लंडनला पिटाळलंय. दुसऱ्यात त्याला पदावरून बाजूला केलंय, पाचव्यात तो शाळा सोडून परागंदा, सहाव्यात ठार. दर वेळी म्हाताऱ्याला वाटेतून हलवल्याशिवाय हॅरीला काही करायला जागाच मिळत नाही. म्हणजे माणूस दमदार, यात शंका नाही. पण एक पत्र पुरतं ना त्याला हलवायला! मापात बरा भरतो, पुढे सरकू.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फची गोष्ट जास्त गमतीची. तो माणूस नव्हेच. मायार, म्हणजे दैवी कुळातला, मूळ नाव ओलोरिन. पण त्याला मध्य-पृथ्वीवर पाठवताना म्हाताऱ्याच्या देहात घालून पाठवलं, आणि वर बंदी घातली की साउरॉनच्या, म्हणजे तिथल्या मुख्य खलनायकाच्या, बळाला बळानं उत्तर द्यायचं नाही, कुणाला धाक घालून वळवायचं नाही. हात बांधून आखाड्यात उतरवलेला मल्ल तो. तरी मोरियाच्या पुलावर बॅलरॉग नावाच्या आगीच्या राक्षसाला अडवतो, त्याच्यासकट खाली कोसळतो, पार पाताळापासून डोंगराच्या शिखरापर्यंत लढतो, त्याला मारतो, स्वतः मरतो आणि परत येतो. गोष्टीचा नायक फ्रोडो साउरॉनची सर्वशक्तिमान अंगठी पुढे करतो तेव्हा तो घाबरतो, कारण ती घेतली तर आपण काय होऊन बसू हे त्याला पुरतं ठाऊक असतं. तू म्हणतोस, "गँडाल्फ काय, दिवे लावतो आणि फटाके उडवतो." अरे, बंदी आहे म्हणून! वरिष्ठांची लेखी मनाई असलेल्या माणसाची कामगिरी तशीच मोजायची असते.

आता तुझा डॉक्टर. १९६३ साली स्टीव्ह डिटकोनं काढलेली ती सुरुवातीची पानं मी आजही चवीनं बघतो. तरंगणारे रस्ते, कुठेच न जाणारी दारं, त्याला तोड नाही. पण सिनेमात डोर्मामू या महाखलनायकासमोर तो जिंकतो कसा, आठव. जादूच्या जोरावर नाही. काळाचं एक वेटोळं करून त्यात दोघांना अडकवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन मरत राहतो, समोरचा कंटाळून शरण येईपर्यंत. याला आपल्याकडे भंडावून सोडणं म्हणतात. सरकारी कचेरीत आपली फाईल आपण अशीच हलवतो. बुद्धी मानली, चिकाटी मानली, बळ नाही मानलं.

वांडाबद्दल मात्र तुझं म्हणणं मला पटतं. २००५ च्या त्या कॉमिकमध्ये ती तीन शब्द बोलते, म्यूटंट (जन्मजात अचाट शक्ती असलेली माणसं) यापुढे नकोत, आणि जगातल्या बहुतेक सगळ्या म्यूटंटांची शक्ती त्या क्षणी जाते. ते निस्तरायला मार्व्हलच्या लेखकांना २०१२ पर्यंत झगडावं लागलं. माझ्या मापानं हा फार मोठा आकडा आहे. अडचण एवढीच की कॉमिकवाल्यांची शक्ती लेखकागणिक बदलते. या महिन्यात वांडा विश्व पुसते, पुढच्या महिन्यात साध्या मारामारीत मार खाते. खात्यात आज करोड आणि उद्या खडखडाट, अशा गिऱ्हाइकाला श्रीमंत म्हणायचं की नाही, हे तूच ठरव. बँकेत तू आहेस.

आता माझे दोन मोहरे. पहिला सुन वुकोंग, चीनचा माकडराजा. १५९२ साली छापलेली त्याची शंभर प्रकरणांची कादंबरी आहे, 'जर्नी टू द वेस्ट'. गंमत म्हणजे त्यात पुढे हा ज्या भिक्षूचा शिष्य होतो तो शुआनझांग, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग, खराखुरा आपल्याकडे येऊन गेलेला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात तो आला होता आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं लिहून गेलाय. तर त्या भिक्षूचं हे माकड. बहात्तर रूपं घेतं, एका कोलांटीत एक लाख आठ हजार ली (चिनी कोस म्हण) पार करतं. यमाच्या दरबारात घुसून मृत्यूच्या वहीत स्वतःच्या नावावर काट मारतं, आणि हातासरशी बाकीच्या माकडांची नावंही खोडून येतं. वर स्वर्गातले अमरत्वाचे पीच खातं, लाओत्से देवाच्या अमरत्वाच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या फस्त करतं. त्याला भट्टीत घालून एकोणपन्नास दिवस जाळलं तर मरायचं सोडून ते लालभडक, सगळं ओळखणारे डोळे घेऊन बाहेर येतं.

त्यातला माझा आवडता तुकडा वेगळाच आहे. एरलांग देव मागे लागलेला असतो आणि वुकोंग पळता पळता देऊळ होतो. तोंडाचा दरवाजा, दातांच्या फळ्या, जिभेची मूर्ती, डोळ्यांच्या खिडक्या. सगळं बेमालूम जमतं, पण शेपटीचं करायचं काय? तिचा ध्वजस्तंभ करून मागे उभा करतो. एरलांग येतो, बघतो आणि हसतो: देवळाच्या मागे ध्वजस्तंभ कुणी पाहिलाय का? आता आधी खिडक्या फोडतो, म्हणतो. वुकोंग टुणकन उडी मारून पसार, नाहीतर डोळे गेले असते. एवढ्या बलाढ्य जादूगाराला शेपूट लपवता येत नाही, यात लेखकाची जी मजा आहे ती तुझ्या सगळ्या स्फोटांत मिळून नाही.

त्याला आवरायला अख्ख्या स्वर्गाची फौज कमी पडते आणि शेवटी खुद्द बुद्धाला बोलवावं लागतं. माझ्या तळहातावरून उडून दाखव, एवढीच पैज. वुकोंग विश्वाच्या टोकाला पोचतो, पाच खांब दिसतात, मधल्यावर 'इथे येऊन गेलो' असं लिहितो आणि पहिल्याच्या बुडाशी मुतून परत येतो. ती बुद्धाची बोटं निघतात. मग पाचशे वर्षं डोंगराखाली. म्हणजे माझ्या मापात बुद्ध लागला! जवळपास शंभर टक्के.

तुझ्या यादीत गेड नाही याचं मला वाईट वाटलं. अर्सुला ले ग्विनच्या अर्थसी कादंबऱ्यांतला जादूगार गेड, १९६८ चा. पेंडोरच्या बेटावर होडीतून एकटा जातो आणि तिथल्या बुढ्ढ्या ड्रॅगनला केवळ त्याचं खरं नाव उच्चारून जागच्या जागी बांधून टाकतो. पण माझ्या मापात तो बसत नाही, कारण त्याला कुणी अडवतच नाही. जग वाचवायला तो स्वतःची सगळी शक्ती एकदाच खर्चून टाकतो आणि पुढच्या पुस्तकात डोंगरावर शेळ्या राखतो. मला तो या सगळ्यांत सर्वात प्रिय आहे, पण प्रिय असणं वेगळं आणि बलाढ्य असणं वेगळं.

आणि आता माझं मत. अफ्रासियाब जादू, होशरुबाचा शहेनशहा. "हा कोण?" असं तू म्हणणार, ते मला इथे बसल्या ऐकू येतंय. तुझ्या यादीची खोट तीच आहे. लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं १८८३ पासून 'तिलिस्म-ए-होशरुबा' छापायला घेतली, ती अमीर हमजा या वीराच्या दास्तानीतली, म्हणजे लांबलचक उर्दू गोष्टमालिकेतली. अख्खी दास्तान ४६ खंडांची. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. आपल्या पिढीनं दूरदर्शनवर 'चंद्रकांता' बघत क्रूरसिंगचं 'यक्कू' घोकलं, त्यातले ऐयार (वेषांतर करणारे हेर) आणि तिलिस्म (मायावी मुलूख) याच घराण्यातले. फक्त देवकीनंदन खत्रींनी तिलिस्मात यंत्रं आणि खटके बसवले, इथे मात्र अस्सल जादू आहे.

होशरुबा हा जादूनं उभा केलेला मुलूखच आहे. त्याचे तीन भाग: जाहिर, बातिन आणि जुल्मात, म्हणजे दिसणारा, लपलेला आणि अंधाराचा. पहिल्या दोहोंच्या मधून रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल, पुलाच्या तोंडाशी पहाऱ्याला धुराचेच दोन सिंह. वरच्या मनोऱ्यातून पऱ्या नदीत मोती फेकतात आणि मासे ते तोंडात धरून पोहतात. हे सगळं अफ्रासियाबच्या अमलाखाली. बाकीच्यांकडे जादू असते, याच्याकडे जादूचं राज्य आहे, फौज आहे, सरदार आहेत, आणि त्यातला एकेक सरदार दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत मुख्य खलनायक म्हणून खपला असता. कुठे काय चाललंय हे सांगणारा सामरी या जादूगारांच्या देवाचा ग्रंथ हाताशी आहे. जादूचा पंजा आकाशातून येतो आणि हवा तो माणूस उचलून नेतो. आणि गंमत बघ, एवढा सम्राट ज्याला देव मानून मदत पाठवत राहतो तो लका म्हणजे हमजाच्या धाकानं देशोदेशी पळणारा भित्रा तोतया!

याला अडवायला काय काय लागलं? होशरुबाचा तिलिस्म फोडायला हमजाचा नातू असद येतो, त्याच्या बाजूनं महरुखसारखी तोलामोलाची जादूगारीण फितूर होते, तरी समोरासमोरच्या लढाईत निभाव लागत नाही. मग ऐयार आणावे लागतात. अमर ऐयार, ज्याच्या झोळीत वाटेल ते मावतं, जो पांघरूण घेतलं की दिसेनासा होतो. स्वभावानं पक्का कवडीचुंबक. कधी गाणारीण होऊन, कधी म्हातारा होऊन दरबारात शिरायचं, दारूत बेशुद्धीचं औषध कालवायचं, जादूगाराचं मुंडकं उडवायचं आणि जाता जाता त्याच्या अंगावरचे दागिने काढून घ्यायचे. जादूगार मेला की अंधार पडतो, वादळ उठतं आणि आवाज येतो: मला मारलं, माझं नाव अमुक जादू होतं. खंडामागून खंड हेच चालतं आणि अफ्रासियाब नवे जादूगार पाठवतच राहतो.

तू म्हणशील, भुरट्यानं गुंगीचं औषध पाजून हरवलं तो कसला बलाढ्य? उलट आहे रे. जादूनं त्याला हरवता येत नाही म्हणून तर लेखकांना भुरटे आणावे लागले! आणि तेवढ्यानंही तो मरत नाही. तिलिस्म बांधतानाच तो कसा फुटेल हे एका पाटीवर, लौहवर, लिहून ठेवलेलं असतं, फोडणाराही आधीच ठरलेला असतो. ती पाटी हाती येईपर्यंत सगळे हात चोळत बसतात. गँडाल्फला एक मनाई पुरली, डंबलडोरला एक पत्र पुरलं, वुकोंगला एक तळहात पुरला. याला दोन लेखक, जाडजूड खंड, ऐयारांची टोळी आणि नशिबाची पाटी एवढं सगळं लागलं.

कधी दास्तानगोईचा, म्हणजे अशा दास्तानी सांगण्याचा, प्रयोग लागला तर सोडू नकोस. पांढऱ्या अंगरख्यातले दोघं गादीवर बसून नुसत्या आवाजावर होशरुबा उभी करतात. २००५ पासून ही कला पुन्हा सुरू झालीय. उर्दू समजेल का, ही भीती सोड. तुला आपल्या सोसायटीची उपविधी समजते, मग हे काहीच नाही.

उलट उत्तर द्यायचं असेल तर एकच अट. स्फोट मोजून पाठवू नकोस, तुझ्या उमेदवाराला अडवायला लेखकानं काय काय केलं ते लिही. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
पक्या

ता. क. मुक्तानं विचारलं होतं की मराठीत सर्वात भारी जादूवाला कोण. तिला सांग, तात्या विंचू. मृत्युंजय मंत्राच्या जोरावर जीव बाहुल्यात घालतो, इथवर ठीक, पण दोन भुवयांच्या मधोमध एक गोळी लागली की खेळ खल्लास. काकाच्या मापात पस्तीस टक्के, म्हणजे जेमतेम पास. तिनं वाद घातला तर फोन माझ्याकडे दे.