‘रिलीज’ दाबलं की पैसे परत? बेसबॉल मॅनेजर खेळातल्या करारांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
बेसबॉल मॅनेजर खेळ (मराठी आवृत्ती)

विषय: ‘दीर्घ करार’ या सशुल्क विस्तार-पॅकमधले करारांचे नियम मुळातच चुकीचे असल्याबाबत. दुरुस्ती किंवा पूर्ण परतावा मिळावा.

महोदय,

स. न. वि. वि. राहू द्या. तुमच्या मदतकेंद्राशी शेवटचा फोन आत्ताच संपला आहे, त्यामुळे मुद्द्यावरच येतो.

तक्रार एका ओळीची होती. मेजर लीग या अमेरिकी बेसबॉल लीगच्या २०२१ च्या मोसमात एंजल्स संघ घेतला, आल्बर्ट पुहोल्स या खेळाडूला रिलीज केलं, म्हणजे संघातून काढून टाकलं, आणि त्याचे त्या वर्षाचे ३ कोटी डॉलर ‘उपलब्ध बजेट’मध्ये जमा झाले. खऱ्या लीगमध्ये असं होत नाही. असं होत नाही म्हणूनच तर हा पॅक विकत घ्यायचा. त्यावर तुमच्या प्रतिनिधीशी झालेला संवाद जसाच्या तसा देतो, कारण तुमच्या नोंदीत तो ‘समाधानकारक निराकरण’ या दोन शब्दांत उरकलेला आहे.

“सर, प्लेअर रिलीज झाला ना?”
“झाला.”
“पैसे परत आले ना?”
“आले. तीच तक्रार आहे.”
“म्हणजे सर, तुम्हाला पैसे परत आलेले नको आहेत?”
“नको आहेत.”

इथे मला होल्डवर टाकण्यात आलं. बासरी वाजली. बासरी थांबली.

“सर, सीनियरना विचारलं. आयपीएलमध्येही रिलीज केला की पर्स मोकळी होते. सेम आहे.”
“मेजर लीगमध्ये पर्स नसते.”
“मग सर, तुम्ही ऑक्शन मोड ऑन करून बघा.”
“मेजर लीगमध्ये ऑक्शन नसतो. बरं, केव्हाच निवृत्त झालेल्या बॉबी बोनियाला मेट्स संघ अजून पैसे देतो, तेही तुमच्या खेळात कुठे दिसत नाही.”
“एक मिनिट सर, चेक करतो. सर, बोनिया नावाचा प्लेअर तुमच्या रोस्टरमध्येच नाही. रोस्टरमध्ये नसलेल्या प्लेअरला पगार कसा जाईल?”

महोदय, हे वाक्य पुन्हा एकदा सावकाश वाचा. ज्या पॅकचं नाव ‘दीर्घ करार’ आहे, त्याच्या मदतकेंद्राचा हा प्रश्न आहे. रोस्टरमध्ये, म्हणजे संघाच्या यादीत, नसलेल्या माणसाला पगार कसा जातो, हाच या पॅकचा विषय. त्या मुलाला दोष देत नाही, त्याच्यासमोर जे पडद्यावर होतं ते त्याने वाचलं. पडदा तुम्ही बनवला. फोन ठेवल्यावर लगेच मेसेज आला: ‘आमच्या सेवेला पाच तारे द्या.’

आता नियम. ते तुम्हाला माहीत असणारच, तुम्ही ते विकता. तरी लिहून देतो, म्हणजे पुढचा प्रतिनिधी बासरी लावणार नाही.

मेजर लीगमध्ये फ्री एजंटचा, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा असलेल्या खेळाडूचा, अनेक वर्षांचा करार जवळजवळ नेहमीच पूर्ण हमीचा असतो. खेळाडू फटकावत असो, बेंचवर असो की घरी बसलेला असो, पगार चालूच. नको झालेला खेळाडू काढायचा तर आधी त्याला ‘डेझिग्नेट फॉर असाइनमेंट’ करावं लागतं, म्हणजे ४० जणांच्या यादीतून नाव बाहेर. मग सात दिवसांच्या आत त्याचा ट्रेड करा (दुसऱ्या संघाला देऊन टाका), नाहीतर वेव्हर्सवर टाका, म्हणजे बाकीच्या संघांना ‘हवा तर घ्या’ म्हणा. वेव्हर्सवरून जो संघ उचलेल त्याच्या गळ्यात उरलेला अख्खा करार पडतो, म्हणून महागड्या खेळाडूला कोणी हात लावत नाही. कोणीच उचललं नाही की मग रिलीज. आणि खरी गंमत त्यानंतर: आता कुठलाही संघ त्याला लीगच्या किमान पगारावर घेऊ शकतो. तेवढीच रक्कम जुन्या संघाच्या देण्यातून वजा होते, बाकी सगळं जुन्या संघाच्या माथी.

पुहोल्सचं नेमकं हेच झालं. डिसेंबर २०११ मध्ये १० वर्षांचे २४ कोटी डॉलर. मे २०२१ मध्ये एंजल्सनी त्याला काढलं, काही दिवसांतच शेजारच्या डॉजर्सनी उचललं. त्या वर्षीचा किमान पगार ५,७०,५०० डॉलर. त्यातला उरलेल्या मोसमाचा हिस्सा फक्त डॉजर्सचा. म्हणजे पुहोल्स चौकार-षटकार मारणार डॉजर्ससाठी (तुमच्या मराठी आवृत्तीत होमरनला ‘षटकार’ म्हटलंय, म्हणून हा शब्द, त्याची तक्रार वेगळी पाठवीन) आणि पगार भरणार एंजल्स. तुमच्या खेळात ३ कोटी परत मिळतात आणि त्यात मी एक नवा पिचर घेऊ शकतो. एंजल्सच्या मालकांना हा खेळ भेट द्या, रडतील बिचारे.

दुसरं, पाच वर्षांची सेवा पूर्ण झालेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय मायनर्समध्ये, म्हणजे खालच्या लीगमध्ये, पाठवता येत नाही, आणि त्याने नकार दिला तरी पगार बुडत नाही. तुमच्या खेळात ऑरिओल्सच्या क्रिस डेव्हिसला एका क्लिकवर नॉरफोकला, त्यांच्या मायनर्समधल्या संघात, पाठवता येतं आणि तिथे त्याचा पगार मायनर्सच्या दराने कापला जातो! डेव्हिसचा करार जानेवारी २०१६ चा, ७ वर्षं, १६ कोटी १० लाख. २०१८ मध्ये त्याची सरासरी (दर अधिकृत प्रयत्नामागे हिट) .१६८ होती, पुरेशा संधी मिळालेल्या कुठल्याही फलंदाजाची आधुनिक काळातली सर्वांत कमी. सप्टेंबर २०१८ ते एप्रिल २०१९ या काळात सलग ५४ अधिकृत प्रयत्नांत एकही हिट नाही. तरीही ऑरिओल्स त्याला खेळवत राहिले, कारण पैसे जायचेच होते. ही तुमची नॉरफोकची सोय त्यांना मिळाली असती, तर कॅम्डेन यार्ड्स या आपल्या मैदानाबाहेर त्यांनी तुमच्या कंपनीचा पुतळा उभारला असता.

आता मूळ घोळ, डिफर्ड रक्कम. तुमच्या पॅकमध्ये खेळाडू निवृत्त झाला की त्याचं लांबणीवर टाकलेलं देणं शून्य होतं. लांबणीवर टाकणं म्हणजे माफ होणं नव्हे, हे कुठल्याही पतपेढीचा शिपाई सांगेल. बोनियाचं गणित घ्या. २००० सालचे त्याचे ५९ लाख डॉलर मेट्सना द्यायचे होते. ते ८ टक्के व्याजाने पुढे ढकलले. अकरा वर्षांत, म्हणजे २०११ पर्यंत, त्याचे सुमारे १ कोटी ३८ लाख होतात. ही रक्कम त्याच ८ टक्क्यांनी, वर्षाच्या सुरुवातीला हप्ता धरून, २५ हप्त्यांत विभागा: दर १ जुलैला ११,९३,२४८ डॉलर, २०११ ते २०३५. एकूण २ कोटी ९८ लाखांच्या आसपास. बोनिया शेवटचा सामना खेळला २००१ मध्ये. हे सूत्र स्प्रेडशीटमध्ये एका चौकटीत मावतं. तुम्ही १२ जीबीच्या पॅकमध्ये मावू दिलं नाही.

डेव्हिसच्या करारातलेही ४ कोटी २० लाख असेच पुढे टाकलेले आहेत: २०२३ ते २०३२ दरवर्षी ३५ लाख, मग २०३७ पर्यंत दरवर्षी १४ लाख. तो २०२१ मध्येच निवृत्त झाला. तुमच्या खेळात २०२२ पासून ऑरिओल्स कर्जमुक्त!

दुखापतीचा भाग तर हास्यास्पद. गंभीर दुखापत झाली की खेळाडू आपणहून ‘निवृत्ती’ जाहीर करतो आणि करार गायब. अहो, स्वेच्छेने निवृत्त झालं तर उरलेल्या पगारावर पाणी सोडावं लागतं, मग कोण शहाणा तो कागद भरेल? रेंजर्सच्या प्रिन्स फील्डरने ऑगस्ट २०१६ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियांनंतर आपण खेळू शकत नाही असं सांगितलं, पण निवृत्तीचा अर्ज केला नाही. ९ वर्षांचा, २१ कोटी ४० लाखांचा करार होता आणि चार मोसम बाकी होते. मोसम चालू असताना असा खेळाडू ६० दिवसांच्या जखमी यादीत टाकून ४० जणांतली जागा मोकळी करता येते. हिवाळ्यात ती यादी नसते, म्हणून जागा पुन्हा अडते. ही अडचण तुमच्या खेळात नाहीच. आणि त्याचा पगार भरत होते तिघे: विमा कंपनी, रेंजर्स, आणि ज्यांनी त्याला २०१३ मध्येच ३ कोटी डॉलर सोबत बांधून देऊन टाकला होता ते टायगर्स.

विमा हा शब्द तुमच्या मेन्यूमध्ये शोधून सापडला नाही. मोठ्या करारांवर संघ विमा काढतात, तो बहुधा पगाराच्या काही भागापुरता आणि काही वर्षांपुरताच असतो, आणि पिचरच्या हातासाठी हप्ता इतका चढा की अनेकदा संघ तो टाळतात. नॅशनल्सचा पिचर स्टीव्हन स्ट्रासबर्ग: डिसेंबर २०१९, ७ वर्षं, २४ कोटी ५० लाख, विमा नाही. त्या करारात त्याने टाकले एकूण ८ सामने, ३१⅓ इनिंग्ज. त्याच आठवड्यात त्याच रकमेचा, तितक्याच वर्षांचा करार अँथनी रेंडनने एंजल्सशी केला आणि २०२० ते २०२४ मध्ये एकाही मोसमात ५८ पेक्षा जास्त सामने खेळला नाही. विमा काढायचा की नाही, हा निर्णय जनरल मॅनेजरची झोप उडवतो. तुमच्या खेळात मॅनेजर गाढ झोपतो.

लक्झरी टॅक्स, म्हणजे संघाचा एकूण पगार ठरलेल्या उंबरठ्यावर गेला की भरायचा कर. तुम्ही तो त्या वर्षी हातात पडणाऱ्या पगारावर लावता. तो लागतो कराराच्या वार्षिक सरासरीवर. पुहोल्सला २०१२ मध्ये प्रत्यक्षात १ कोटी २० लाख मिळाले, पण करासाठी धरायचे २ कोटी ४० लाख. हा एक नियम चुकवलात की सगळंच कोसळतं, कारण संघ खेळाडूच्या वयाच्या ३९-४० वर्षांपर्यंतचे करार देतात ते बरेचदा याच्याचसाठी: वर्षं वाढवली की सरासरी उतरते आणि संघ उंबरठ्याखाली राहतो. २०२५ चा उंबरठा २४ कोटी १० लाख. पहिल्या वर्षी ओलांडला तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, शिवाय फार वर गेलात तर अधिभार. डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या दहा वर्षांच्या ७० कोटींपैकी ६८ कोटी २०३४ पासून द्यायचे आहेत, बिनव्याजी. तरी करासाठी त्याचे वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख धरले जातात, कारण पुढच्या पैशाची आजची किंमत काढतात. तुमच्या खेळात तो २० लाखांत पडतो. वीस लाखांत ओहतानी!

ट्रेडबद्दल थोडक्यात. पगाराचा वाटा स्वतःकडे ठेवून खेळाडू देण्याची सोयच नाही; रेंजर्सनी २००४ मध्ये अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ यांकीजना दिला तेव्हा ६ कोटी ७० लाख भरायचं कबूल केलं होतं. दहा वर्षं लीगमध्ये आणि शेवटची पाच त्याच संघात असलेल्या खेळाडूला मिळणारा नकाराधिकारही नाही. क्रिस ब्रायंटच्या करारातलं नो-ट्रेड कलम ‘माहिती’ टॅबमध्ये छापलंय आणि तरी तो कुठेही पाठवता येतो. छापलंत कशाला मग?

आणि कॉम्प्युटरचे संघ. ते कुणालाच पाच वर्षांवर करार देत नाहीत आणि तिशी ओलांडलेल्याला तर दारातही उभं करत नाहीत. इतके शहाणे मालक कुठे असतात? खेळाडूला फ्री एजंट व्हायला सहा वर्षांची सेवा लागते, एक वर्ष म्हणजे रोस्टरवरचे १७२ दिवस. बहुतेक जण बाजारात येतात तेव्हा २८-३० चे असतात, उत्तम वर्षं संपत आलेली. तरी तीस संघांतला सर्वांत आशावादी हिशेब ज्याचा, तोच बोली जिंकतो. कधी तर बाजाराचीही वाट पाहत नाहीत: फिलीजनी रायन हॉवर्डला एप्रिल २०१० मध्ये १२ कोटी ५० लाखांची करारवाढ दिली, ती सुरू व्हायची होती २०१२ पासून. २०११ च्या प्लेऑफमधल्या शेवटच्या आउटवर त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. करार अजून सुरूही झाला नव्हता. ही चूक करण्याची मुभा मला हवी होती, त्याचेच पैसे मी भरले.

पुन्हा सांगतो, कारण फोनवर कुणाच्याही कानात शिरलं नाही: रिलीज केल्यावर पैसे परत येता कामा नयेत.

जाहिरातीत तुम्ही लिहिलंय, ‘खऱ्या जनरल मॅनेजरचे निर्णय घ्या, त्यांची किंमत मोजा.’ किंमत मोजली ती फक्त ग्राहकाने, पॅक घेताना. जुन्या आवृत्तीत निदान रिलीज केलेल्या खेळाडूचा पगार खात्यातून जात राहायचा, तेव्हा तुमच्याकडे बेसबॉल बघणारं कुणीतरी होतं असं दिसतं. नवी आवृत्ती क्रिकेटच्या लिलाव-खेळावर टोप्या बदलून चढवलेली आहे, असा मला दाट संशय आहे. नसेल तर लेखी खुलासा करा.

पंधरा दिवसांत दोनपैकी एक करा. रिलीज, डिफर्ड आणि टॅक्स या तीन गोष्टी दुरुस्त करणाऱ्या अपडेटची तारीख कळवा, किंवा पूर्ण रक्कम परत करा. पुढच्या आवृत्तीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवू नका, ते आधीच आलंय. अन्यथा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि मला वेळ आहे.

फोन करू नये. उत्तर लेखी द्यावं, आणि ज्याने द्यायचं त्याने आधी बोनियाचा हप्ता स्वतः काढून बघावा.

आपला,
‘दीर्घ करार’ पॅकचा ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, पुहोल्सला रिलीज करण्याआधीचे आणि नंतरचे बजेटचे स्क्रीनशॉट, डेव्हिसच्या नॉरफोकमधल्या पगाराचा स्क्रीनशॉट, न वापरलेलं कूपन.