लाल-पांढऱ्या-निळ्या फितीची शिट्टी

प्रिय चिमू,

काल तू पाठवलेला फोटो पाहिला. खोक्याच्या तळाशी सापडलेली ती शिट्टी, तिच्या लाल-पांढऱ्या-निळ्या फितीसकट. खाली तू एवढंच विचारलंस, "आई, तेव्हा आपण कुणाच्या बाजूचे होतो?" मी लगेच लिहिलं, "कुणाच्याच नाही गं, आपण परदेशी होतो." पण पाठवायच्या आधीच पुसून टाकलं. इतकी वर्षं विचारेल त्याला मी हेच सांगत आले, आणि ते खरं नाही. पुढच्या महिन्यात तू सहा महिन्यांसाठी बँकॉकला निघाली आहेस, म्हणून आज नीट बसून लिहिते.

ती शिट्टी मीच तुला घेऊन दिली होती. जानेवारी 2014. तू आठ वर्षांची. 13 तारखेपासून सरकारविरोधी आंदोलनाचे नेते सुथेप थाउगसुबान यांच्या माणसांनी शहरातले मोठे चौक अडवले होते. 'बँकॉक शटडाऊन'. आपल्या घराजवळचा आसोकचा चौक त्यातलाच. गाड्या बंद असल्यामुळे सुखुमवित रस्त्यावरून आपण मधोमध चालत गेलो, त्याचंच तुला केवढं अप्रूप वाटलं होतं! चौकात मंच, गाणी, फुकट जेवण, थाई झेंड्याच्या रंगाच्या फिती, आणि हजारो शिट्ट्या. थाईत शिट्टीला 'नोक वीत' म्हणतात, त्यातला 'नोक' म्हणजे पक्षी. तुला तो शब्द फार आवडला. आपल्या इमारतीतले डॉक्टर, तुझ्या शाळेतल्या मुलींच्या आया, सगळे ओळखीचे चेहरे तिथे होते. सभ्य, हसतमुख, शिकलेली माणसं. मला वाटलं, ही चांगली माणसं आहेत, म्हणजे यांचं म्हणणंही चांगलंच असणार. चिमू, माझी चूक झाली ती इथे.

आता पी. तुला ती आठवते, पण तिचं पूर्ण नाव आठवत नाही म्हणालीस. थाईत मोठ्या बहीण-भावाला 'पी' म्हणतात, आपणही तिला तेवढंच म्हणायचो. सात वर्षं ती आपल्याकडे कामाला होती. ती उबोनची, म्हणजे इसानची. इसान हा थायलंडचा ईशान्य भाग. देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं तिथली, त्यांची बोली लाओला जवळची आणि जमीन कोरडी. बँकॉकच्या टॅक्स्या, हॉटेलं आणि बांधकामं तिथल्याच माणसांच्या जिवावर चालतात. पीचं नाव उबोनच्याच मतदार यादीत होतं. अशा लोकांसाठी बँकॉकमध्ये आगाऊ मतदानाची सोय असते. त्या वर्षी ते मतदान 26 जानेवारीला होतं.

पी सकाळी लवकर गेली होती. केंद्राच्या फाटकाला साखळी होती आणि समोर सुथेपची माणसं उभी. त्यांनी तिच्या तोंडावर शिट्ट्या वाजवल्या. त्या दिवशी बँकॉकच्या 50 पैकी बहुतेक जिल्ह्यांत हेच झालं. सोमवारी ती नेहमीच्या वेळेला कामावर आली, चप्पल काढली, आणि तू धावत जाऊन तिच्यासमोर शिट्टी वाजवलीस. रोजच्यासारखी. तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोरीकडे गेली. नळ बराच वेळ चालू होता. काय झालं ते तिने मला संध्याकाळी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी देता येईल ना?" तसं ते देता येत नव्हतं. आगाऊ मतदानासाठी नाव नोंदवलं की 2 फेब्रुवारीच्या मुख्य मतदानाला गावात जाऊनही उपयोग नव्हता. मला हे माहीत नव्हतं आणि मी माहीत करून घेतलंही नव्हतं.

तिच्यासाठी त्या शिट्टीत आणखी काय होतं, ते समजायला 2010 कडे जावं लागेल. तू तेव्हा पाच वर्षांचीही नव्हतीस, तुला फक्त धूर आठवतो.

भांडणाचं मूळ थाकसिन शिनावात्रा. चियांग माईचा, आधी पोलीस अधिकारी, मग टेलिफोनच्या धंद्यात अब्जाधीश. 2001 मध्ये निवडून आला आणि 30 बाटमध्ये उपचार देणारी योजना आणली. पीच्या वडिलांचं ऑपरेशन त्या 30 बाटांत झालं. त्याआधी अशा वेळी घरातली म्हैस विकायची, असं ती सांगायची. 2005 ला त्याला 500 पैकी 375 जागा मिळाल्या. पण त्याचा कारभार स्वच्छ नव्हता, हेही तुला माहीत हवं. 2003 च्या अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत काही महिन्यांत दोन हजारांवर माणसं मारली गेली. 2004 मध्ये दक्षिणेत ताक बाइला पकडलेल्या मुस्लिम निदर्शकांना लष्कराच्या ट्रकमध्ये एकावर एक रचलं, त्यात 78 जण गुदमरून मेले. 2006 मध्ये त्याच्या कुटुंबाने कंपनीचे समभाग 7,300 कोटी बाटांना विकले आणि त्यावर कर भरला नाही. तेव्हा पिवळे शर्ट घालून लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्या रागाला कारण होतं. ते मी आजही मानते.

पण त्या रागाचा शेवट 19 सप्टेंबर 2006 च्या रात्री रणगाड्यांनी झाला, आणि शहराने रणगाड्यांना फुलं दिली. मग त्याचा पक्ष कोर्टाने बरखास्त केला. लोकांनी 2007 मध्ये त्याच माणसांचा दुसरा पक्ष निवडून दिला, तोही 2008 मध्ये बरखास्त झाला. त्याआधी पिवळ्यांनी सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर ताब्यात ठेवला होता. तो आठवडा मी विसरणार नाही. त्याच आठवड्यात मुंबईवर हल्ला झाला, आजी तिकडे एकटी, आणि आपल्याला घरी जायला विमान नव्हतं. विमानतळावरून त्या लोकांना हटवायला सैन्य आलं नाही.

2010 मध्ये लाल शर्टवाल्यांसाठी, म्हणजे थाकसिनच्या समर्थकांसाठी, मात्र सैन्य आलं. त्यांची मागणी निवडणूक घ्या, एवढीच होती. पंतप्रधान अभिसित वेज्जाजिवा यांचं सरकार संसदेत जुळवून आलेलं होतं, मतदानातून नाही. इसानहून पिकअप भरभरून माणसं आली. शर्टांवर 'फ्राय' असा शब्द होता. फ्राय म्हणजे जुन्या काळचे वेठबिगार. शहरात त्यांना 'ख्वाय' म्हणायचे. म्हैस. हा शब्द मी इमारतीच्या लिफ्टमध्ये ऐकलाय, पी शेजारी उभी असताना. 10 एप्रिलच्या रात्री लोकशाही स्मारकाजवळ लाल शर्टवाले, सैनिक आणि एक जपानी कॅमेरामन असे वीसहून जास्त जण मेले. त्या रात्री सैन्यावर बॉम्ब टाकणारी आणि गोळ्या झाडणारी काळ्या कपड्यांतली माणसंही होती, हे लपवून उपयोग नाही. 19 मे ला चिलखती गाड्यांनी लाल शर्टवाल्यांचे बांबू-टायरचे अडथळे तोडले, राचप्रसोंग चौकातला भलामोठा मॉल जळाला, रात्री संचारबंदी लागली. शेजारच्या वात पथुम वनाराम या मंदिरात लोक आसऱ्याला गेले होते. तिथे सहा जण गोळ्या लागून मेले, त्यांत जखमींची शुश्रूषा करणारी स्वयंसेविकाही होती. त्या गोळ्या सैनिकांच्या होत्या, असं कोर्टानेच 2013 मध्ये सांगितलं. त्या दोन महिन्यांत 90 हून जास्त माणसं गेली. आजवर एकाही नेत्याला किंवा सेनाधिकाऱ्याला त्यासाठी शिक्षा झालेली नाही. उबोनमध्ये त्या दिवशी प्रांताची कचेरी जाळली गेली, तिथल्या चौघांना मात्र 30 हून जास्त वर्षांची शिक्षा झाली. पीच्या तोंडी तेव्हा एकच शब्द असायचा, 'सोंग मात्रथान'. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा.

आणि 2010 ची ती कारवाई ज्या केंद्रातून चालली, त्याचे प्रमुख तेव्हाचे उपपंतप्रधान सुथेप थाउगसुबान होते. तेच, शिट्टीवाले. तुझ्या हातात मी कुणाची शिट्टी दिली होती, ते आता तुझ्या लक्षात येईल.

2011 च्या निवडणुकीनंतरचा एक प्रसंग मी कुणालाच सांगितलेला नाही. थाकसिनची बहीण यिंगलक जिंकली, पहिली महिला पंतप्रधान. इमारतीत सगळे म्हणत होते, खेड्यातली मतं 500-500 बाटांना विकली जातात. मी पीला विचारलं, अगदी सहज, "तुम्हालाही पैसे मिळाले का?" ती कपड्यांना इस्त्री करत होती. म्हणाली, "सगळेच पक्ष देतात, मॅडम. सगळ्यांचे घेते. मत मी 30 बाटवाल्याला देते." इस्त्री थांबली नाही. मी निरुत्तर झाले, पण लाज वाटायला मला अडीच वर्षं लागली, त्या 27 जानेवारीपर्यंत.

यिंगलकच्या सरकारनेही स्वतःच्या हाताने आग लावली. भाताला टनामागे 15,000 बाट देण्याची योजना आवाक्याबाहेर गेली, कोठारं भरली आणि शेतकऱ्यांचे पैसे अडकले. 1 नोव्हेंबर 2013 च्या पहाटे चारच्या सुमारास संसदेच्या कनिष्ठ सभागृहात सर्वमाफीचं विधेयक मंजूर करून घेतलं, परदेशात राहणाऱ्या थाकसिनला घरी आणण्यासाठी. त्यात 2010 ला जबाबदार असणारेही सुटत होते, म्हणून लाल शर्टवालेसुद्धा दुखावले. पीने त्या दिवशी रेडिओ बंद करून टाकला. तेव्हा रस्त्यावर उतरलेली माणसं वेडी नव्हती. पण सरकारने संसद विसर्जित करून निवडणूक जाहीर केल्यावरही ती घरी गेली नाहीत. आधी सुधारणा, मग निवडणूक. आणि सुधारणा करणार कोण, तर न निवडलेली परिषद. शहरातली मतं दर्जेदार आणि खेड्यातली अडाणी, असं उघड बोललं जात होतं. मीही मान डोलावली होती.

23 फेब्रुवारीला राचप्रसोंगच्या सभेजवळ कुणीतरी ग्रेनेड टाकला. त्यात चार वर्षांचा भाऊ आणि सहा वर्षांची बहीण मेली. आदल्या दिवशी त्रात या प्रांतात सभेवर हल्ला झाला, त्यात पाच वर्षांची मुलगी. ही सगळी शिट्टीवाल्यांच्या सभांजवळ मेलेली लेकरं. पी ते टीव्हीवर पाहताना माझ्यापेक्षा जास्त रडली. त्या संध्याकाळी मी तुझ्या गळ्यातली शिट्टी काढून खोक्यात टाकली. तू रुसून जेवली नाहीस.

पुढचं तुला वाचून मिळेल. कोर्टाने मार्चमध्ये ती निवडणूकच रद्द ठरवली, मे मध्ये यिंगलकला पदावरून काढलं, 22 मे ला जनरल प्रयुथ चान-ओचा यांनी सत्ता हातात घेतली. त्यानंतर मार्च 2019 पर्यंत संसदेसाठी कुणालाच मत देता आलं नाही, शिट्टीवाल्यांनाही नाही. नव्या राज्यघटनेत लष्कराने नेमलेले 250 सिनेटर आले.

मे 2023 मध्ये बँकॉकने 33 पैकी 32 जागा मूव्ह फॉरवर्ड या तरुणांच्या पक्षाला दिल्या. ज्या डॉक्टरांनी शिट्ट्या फुंकल्या, त्यांच्या मुलांनी ही मतं दिली. मी पीला 'लाईन' या मेसेजिंग ॲपवर विचारलं. तिने उत्तर दिलं, की आयुष्यात पहिल्यांदाच तिनेही थाकसिनचा पक्ष सोडून याच पक्षाला मत दिलं. तो निरोप मी तीनदा वाचला. आपल्या जुन्या इमारतीचं आणि पीचं मत एकाच खोक्यात पडलं होतं! पण नेमलेल्या सिनेटरांनी त्या पक्षाच्या पिता लिमजारोएनरात यांना पंतप्रधान होऊ दिलं नाही, आणि ऑगस्ट 2024 मध्ये कोर्टाने तो पक्षच बरखास्त केला. दरम्यान 22 ऑगस्ट 2023 ला थाकसिन 15 वर्षांनी देशात परतला, आणि त्याच दिवशी त्याच्या पक्षाने जनरलांच्या पक्षांना सोबत घेऊन सरकार बनवलं. वात पथुममध्ये ज्यांची माणसं गेली, त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिथे गेल्यावर दोन गोष्टी सांभाळ. राजघराण्याबद्दल काहीही लिहू नकोस, कुणाचं पुढेही पाठवू नकोस. कलम 112 खाली एकेका आरोपाला 3 ते 15 वर्षांची कैद आहे. आणि तिथे मोर्चाला 'मॉब' म्हणतात, त्या शब्दाने घाबरू नकोस, पण जवळून पाहायलाही जाऊ नकोस. मी आई आहे, एवढं म्हणणारच.

तर चिमू, आपण बाजूचे होतो. ज्या बाजूला एसी होता, ओळखी होत्या आणि चांगलं इंग्रजी होतं, त्या बाजूचे. कुणी आपल्याला निवडायला सांगितलं नव्हतं, म्हणून आपण निवडलंय हे मला कळलंच नाही.

पी आता उबोनला असते, गुडघे गेलेत तिचे. मी तिची माफी कधीच मागितली नाही. ते काम तुझ्यावर टाकणार नाही. डिसेंबरात मी येतेय. उबोनची रात्रीची गाडी आता हुआ लाम्फोंगहून नाही, क्रुंग थेप अफिवातहून सुटते. दोघींची खालच्या बर्थची तिकिटं काढून ठेव. शिट्टी घरीच राहू दे, माझ्या कपाटात.

तुझी,
आई