मूळ फायलींना हात लावू नकोस, दादा

टोरांटो, रविवार

प्रिय दादा,

आई-बाबांना नमस्कार सांग. वहिनीला आणि मुलांनाही आठवण.

जुन्या जेव्हीसी आणि सोनी कॅमेऱ्यांतले घरचे व्हिडिओ आता उघडत नाहीत, काय करू, असं तू विचारलंस. तू पाठवलेल्या फोल्डरच्या फोटोंवरून दोन्ही कॅमेऱ्यांची कल्पना आली. फायली बिघडलेल्या नाहीत. चित्र आणि आवाज दोन्ही आत शाबूत आहेत. ते ज्या पद्धतीने साठवलेत ती पद्धत हल्लीच्या फोनला आणि विंडोजला ओळखीची राहिलेली नाही. म्हणून घाईने काही करू नकोस. डीव्हीडी करून देणाऱ्या दुकानात कॅमेरा नेऊ नकोस, कारण डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ च्या वर जात नाही आणि सोनीच्या कॅमेऱ्यातलं फुल एचडी त्यात बारीक होऊन बसेल. नेटवरच्या फुकट कन्व्हर्टरवरही काही चढवू नकोस. घरातले बारसे-मुंजी परक्या सर्व्हरवर कशाला?

आधी कॅमेऱ्यातून सगळं बाहेर काढ. जेव्हीसी एव्हरिओच्या पोटात हार्ड डिस्क आहे आणि इतकी जुनी डिस्क कधी मान टाकेल याचा नेम नाही. बॅटरीवर विसंबू नकोस, अ‍ॅडाप्टर लावूनच कॉम्प्युटरला जोड. केबल मिनी-यूएसबीची लागेल, आणि डेटा जाणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला कॅमेरा दिसणारच नाही. विंडोजने डिस्क 'स्कॅन' किंवा 'फॉरमॅट' करायची का असं विचारलं तर दोन्हीला नाही म्हण.

फोल्डर अख्खं उचलायचं, आतल्या रचनेसकट. एव्हरिओत ते 'एसडी व्हिडिओ' नावाचं दिसेल. त्यात 'पीआरजी००१', 'पीआरजी००२' अशी उपफोल्डरं आणि त्यांच्या आत 'एमओव्ही००१' वगैरे फायली. फक्त व्हिडिओ वेचून एका जागी ओतलेस तर एकाच नावाच्या फायली एकमेकींवर येतील, आणि 'रिप्लेस' दाबलं की आधीची गेलीच. ००९ नंतर ००ए, ००बी अशी नावं दिसतील. ती सोळाच्या पायावरची मोजणी आहे, बिघाड नाही. या व्हिडिओ फायलींच्या नावाच्या शेवटी 'एमओडी' असतं, आणि प्रत्येक एमओडी फाइलीशेजारी त्याच नावाची एक चिमुकली एमओआय फाइल असते. ती उघडत नाही म्हणून लोक कचरा समजून पुसतात. तू पुसू नकोस. चित्रीकरणाची तारीख, वेळ आणि चित्र रुंद आहे की चौकोनी, हे तिच्यात लिहिलेलं असतं.

सोनीच्या कार्डावर 'प्रायव्हेट', त्यात 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही', त्यात 'स्ट्रीम' असं खोल जावं लागतं. सोनीच्या व्हिडिओ फायली, म्हणजे एमटीएस, तिथे आहेत. इथेही वरपासून अख्खं फोल्डर घे. कार्ड फॉरमॅट केलं की आकडे पुन्हा ००००० पासून सुरू होतात, म्हणून प्रत्येक कार्डाला वेगळं फोल्डर. जागेचा अंदाज देते: एव्हरिओचा सर्वांत चांगल्या दर्जाचा एक तास ४ जीबीच्या आसपास, आणि सोनीचा सेकंदाला १७ मेगाबिटने घेतलेला तास साडेसात जीबीच्या थोडा वर. एक टेराबाइटच्या डिस्कवर असं शंभर तासांहून जास्त मावतं. अशा दोन डिस्क घे, दोन्हींवर सगळं उतरव, फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळतात का बघ. एक तुझ्याकडे, एक आत्याकडे ठेव. हे होईपर्यंत कॅमेऱ्यातलं काहीही पुसू नकोस.

आता एमओडी. ही फाइल म्हणजे डीव्हीडीत असतं तेच एमपेग-२ चित्र, सोबत डॉल्बी एसी-३ किंवा एमपेगचा आवाज. विंडोज ८ पासून एमपेग-२ वाचायची सोय विंडोजसोबत सरसकट येत नाही, म्हणून ती अडते. व्हीएलसी प्लेअर टाकलास तर लगेच चालेल. आणखी एक सोपी गोष्ट करून बघ: एका फाइलीची प्रत काढ आणि तिच्या नावातलं शेवटचं 'एमओडी' खोडून 'एमपीजी' लिही. पेन ड्राइव्हवर घालून टीव्हीला लाव. टीव्हीच्या प्रसारणात एमपेग-२ वर्षानुवर्षं वापरलं गेलंय, त्यामुळे बऱ्याच टीव्हींना ते येतं. आई-बाबांना टीव्हीवरच बघायचं असेल आणि हे चाललं, तर तेवढ्या फायलींना रूपांतराची गरजच नाही. माझं ठाम मत आहे की जे न बदलता चालतं ते बदलू नये. पुन्हा एन्कोड केलं, म्हणजे चित्र नव्याने आवळून साठवलं, की दर वेळी चित्रातलं थोडं काहीतरी जातं, आणि गेलेलं परत येत नाही.

फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ते चालणार नाही. तिथे एमपी४ च हवं: आत एच.२६४ पद्धतीने साठवलेलं चित्र आणि एएसी पद्धतीचा आवाज. एच.२६५ निवडू नकोस; फाइल लहान होते, पण आपल्या जुन्या टीव्हीला उघडणार नाही.

यासाठी हँडब्रेक हा रूपांतराचा प्रोग्राम घे. फुकट आहे, त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरव. उघडल्यावर 'फास्ट १०८०पी३०' हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगांचा संच, आपोआप निवडलेला असतो, आणि बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. का, ते नीट सांगते, कारण सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

हे कॅमेरे सेकंदाला २५ पूर्ण चित्रं घेत नाहीत. ५० अर्धी चित्रं घेतात: एकदा सगळ्या विषम ओळी, मग एक-पन्नासांश सेकंदाने सगळ्या सम ओळी. जुन्या टीव्हीला हेच हवं असायचं. कॉम्प्युटर त्या दोन अर्ध्या चित्रांना एकत्र दाखवतो, आणि मधल्या क्षणात हात हललेला असला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. स्थिर चित्रात काहीच कळत नाही. म्हणून चाचणी नेहमी हलत्या प्रसंगावर कर. गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम उत्तम, नाहीतर फिरता पंखा.

या रेघा घालवण्याला डीइंटरलेस म्हणतात. हँडब्रेकच्या 'फिल्टर्स' पानावर 'डीइंटरलेस'मध्ये 'बीडब्ल्यूडिफ' निवड, नसेल तर 'याडिफ', आणि त्याच्या प्रीसेटमध्ये 'बॉब'. बॉबने प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र होतं, म्हणजे सेकंदाला ५०. मग 'व्हिडिओ' पानावर फ्रेमरेट ५० आणि 'कॉन्स्टंट' कर. तो मूळ प्रीसेट ३० च्या वर जाऊ देत नाही. ५० तली वीस चित्रं टाकून दिली जातात आणि चालणारा माणूस अडखळत चालल्यासारखा दिसतो. बॉब न निवडता साधं डीइंटरलेस केलंस तर २५ मिळतील. तेही चालतं, पण कॅमेऱ्याने टिपलेली अर्धी हालचाल गेली. लेझीम आणि मुलांच्या धावाधावीत फरक लगेच जाणवतो.

दर्जासाठी 'आरएफ'चा आकडा असतो, आणि तो जितका लहान तितकं चित्र चांगलं, फाइल मोठी. एव्हरिओसाठी १८, सोनीसाठी २०. एन्कोडरचा वेग 'स्लो' ठेव, रात्री लावून झोप. चित्रातल्या मुंग्या पुसणारा 'डीनॉइज' बंदच असू दे. संध्याकाळी घरात घेतलेल्या चित्रात बारीक मुंग्या दिसतात हे खरं, पण त्या पुसताना साड्यांचं विणकाम आणि चेहऱ्याची त्वचाही मेणासारखी गुळगुळीत होते. काळ्या कडा आपोआप कापणारा 'ऑटोक्रॉप' बंद कर. अंधाऱ्या दृश्यात तो खऱ्या चित्रालाच कड समजू शकतो.

एमओडीत आणखी एक खोड आहे. रुंद चित्र घेतलं असलं तरी फाइलीच्या आत पुष्कळदा ते चौकोनी म्हणून नोंदलेलं असतं. खरी नोंद एमओआयमध्ये, आणि ती हँडब्रेक बघत नाही. मग सगळे उंच आणि बारीक दिसतात. ओळखायला भिंतीवरचं घड्याळ किंवा पानावरची वाटी बघ. गोल वस्तू उभी लंबगोल दिसली तर ते रुंद चित्र आहे. 'डायमेन्शन्स' पानावर 'अ‍ॅनामॉर्फिक' बंद करून रुंदी १०२४ आणि उंची ५७६ हाताने भर. चौकोनी चित्राला ७६८ बाय ५७६.

सोनीचा कॅमेरा इकडच्या बाजारातला आहे, म्हणून त्याचा हिशेब वेगळा: तो सेकंदाला ५० नाही, ५९.९४ अर्धी चित्रं घेतो. तिथे ५० ऐवजी ५९.९४ निवडायचं. दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्रीकरण जोडून एकच लांब फिल्म करायचा मोह होईल. करू नकोस, एका वेगाचं दुसऱ्यात बसवताना हालचाल लंगडते. वेगवेगळ्या फायली राहू देत.

एमटीएसमधलं चित्र आधीच एच.२६४ आहे. म्हणजे फोनसाठी नुसतं वेष्टन बदललं आणि एसी-३ आवाजाचा एएसी केला तरी पुष्कळदा भागतं. शटर एन्कोडर या दुसऱ्या प्रोग्राममध्ये 'रीरॅप' म्हणून सोय आहे, चित्राला धक्का न लावता काही सेकंदांत काम होतं. ज्या फोनवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तिथे कारण जवळजवळ नेहमी एसी-३ असतं. मग शटर एन्कोडरमध्ये आवाज एएसी, १९२ किलोबिट कर. रीरॅपने रेघा मात्र जाणार नाहीत. टीव्ही त्या स्वतः घालवतो, फोन बऱ्याचदा नाही. तेव्हा नातेवाइकांना पाठवायच्या मोजक्या फायली हँडब्रेकमधून काढ, बाकीच्या रीरॅप.

लांब चित्रीकरण कॅमेरा २ किंवा ४ जीबीला तोडतो, कारण कार्डावरच्या एका फाइलीच्या आकाराला मर्यादा असते. लग्नाच्या फोल्डरात एकसारख्या आकाराच्या सलग फायली आणि शेवटी एक लहान, असं दिसलं तर तो एकच तुकडा आहे. आधी जोडायचं, मग रूपांतर. एसी-३ आवाजाची एक चौकट ३२ मिलिसेकंदांची असते आणि तोडलेल्या जागी ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे राहते. तुकडे वेगवेगळे बदलून मग जोडलेस तर नेमकं मंगलाष्टकात 'टक्' ऐकू येईल. जोडही बायनरी हवी, बाइटला बाइट लागून. त्यासाठी दोन ओळींची बॅच फाइल (डबल-क्लिक केली की आतल्या आज्ञा चालवणारी फाइल) ईमेलने पाठवतेय. तिच्यातली फाइलींची नावं तेवढी बदल.

टीव्हीसाठी दोन गोष्टी. पेन ड्राइव्ह 'फॅट३२' या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही, आणि 'एक्सफॅट' केलास तर जुना टीव्ही तो वाचेलच असं नाही. दुसरं, फुल एचडी चित्र सेकंदाला ५० किंवा ६० असेल तर एच.२६४ ची लेव्हल, म्हणजे उपकरणाला किती चित्र झेपतं याची पायरी, ४.२ लागते, जुने टीव्ही ४.१ वर थांबतात. आवाज येतोय आणि चित्र काळं, असं झालं तर त्या टीव्हीपुरती बॉबशिवाय २९.९७ ची प्रत काढ.

तारखेचं आत्ताच करून टाक. रूपांतर झालेल्या फाइलीवर आजची तारीख पडते आणि २००८ ची दिवाळी या वर्षीची होऊन बसते. सोनीची तारीख चित्राच्या प्रवाहात दडलेली असते, ती एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम वाचतो. एमओआय एखाद्या हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले बाइट सोळाच्या पायावरच्या आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडलीस तर पहिले सहा बाइट सोडून पुढचे दोन वर्षाचे असतात. '०७ डी८' म्हणजे २००८. त्यापुढे ओळीने महिना, दिवस, तास, मिनिटं. फाइलीचं नाव वर्षापासून सुरू कर: '२००८-१०-२८ लक्ष्मीपूजन' असं, म्हणजे आपोआप क्रमाने लागतील. १ जानेवारीची मध्यरात्र दिसली तर कॅमेऱ्यातलं घड्याळ शून्यावर गेलेलं होतं असं समज आणि आईला विचारून तारीख लिही. कोण कोण आहे तेही तिच्याकडूनच लिहून घे. फाइलीत ते कुठेच नाही.

माळ्यावरच्या त्या छोट्या मिनीडीव्ही कॅसेटींचं तंत्र निराळं आहे. तिथे फाइल नसतेच. फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीच्या केबलने तासाची कॅसेट तासभर चालवून उतरवावी लागते आणि तासाला सुमारे १३ जीबी लागतात. त्या तशाच कोरड्या जागी उभ्या ठेव, कॅमेऱ्यात घालून चालवून बघू नकोस. आठ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी सापडली तर लॅपटॉपच्या फटीत ढकलायच्या ड्राइव्हमध्ये घालू नकोस, अडकते. ट्रेचा ड्राइव्ह वापर.

या रविवारी नुसती कॉपी कर. मग हँडब्रेकमध्ये 'रेंज' सेकंदांवर आणून लेझीमचं एकच मिनिट काढ आणि मला पाठव. रेघा, घड्याळाचा गोल आणि आवाज जुळतोय का एवढं बघून सांगते, मग बाकीचं लाव.

तुझी,
नंदा